ट्रंकेतले आबा

न्हावरे, ता. शिरूर
चंपाषष्ठीचा दुसरा दिवस, १९७६

प्रिय ज्ञानू,

‘प्रिय’ लिहिताना हात अडला. पण पत्र दुसऱ्या कुठल्या शब्दानं सुरू करायचं हे आपल्या मास्तरांनी शिकवलं नाही, म्हणून लिहिला.

गेल्या महिन्यात एका सकाळी मी तुझ्या घरी येऊन गेलो. धुरपदानं तुला हे सांगितलं नसणार. पहिल्या एस.टी.नं निघालो, चौफुल्याला गाडी बदलली, दौंडला उतरलो आणि तू लोकोशेडला कामावर गेल्यावर तुझ्या क्वार्टरच्या दारात येऊन उभा राहिलो. वेळ मुद्दाम तशी धरली होती. धुरपदानं पदर सारखा केला, तांब्या पुढं ठेवला आणि म्हणाली, ‘भावजी, ते दुपारच्याला येतील. जेवूनच जा.’ मी म्हटलं, ‘मला त्याला भेटायचं न्हाई. आईची ट्रंक कुठं हाय?’ मग खाटेखालची पत्र्याची ट्रंक तिनं पायानं जराशी पुढं सरकवली आणि म्हणाली, ‘आतल्या टाकाला मी हात लावत न्हाई. मी मागं भाकरी टाकते. तितनं मला हितलं काई दिसत न्हाई.’ तिच्यावर रागावू नकोस. तिनं मला काही दिलं नाही आणि मीही तुझ्या घरातून तुझं काही उचललं नाही. पूर्वी आपले देव होते त्या कोनाड्यात तुझं पवित्र शास्त्र ठेवलेलं दिसलं, पांढऱ्या रुमालावर. त्यालाही मी हात लावला नाही. ट्रंकेपाशी बसून मी काय केलं ते शेवटी सांगतो. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचणार नाहीस, आणि पुढचं तुला वाचायला लावायचंय.

टाक म्हणजे काय हे तुला सांगायची गरज पडू नये. पण हल्ली तू त्यांना ‘पत्रे’ म्हणतोस, म्हणून सांगतो. बोटभर चांदीवर ठोकलेला खंडोबा, जानाई, भैरवनाथ, आणि त्यांच्या शेजारी आपल्या घरातली गेलेली माणसं. आबा गेले तेव्हा शिरूरच्या सोनाराकडून आपण त्यांचा टाक केला. घोड्यावर बसलेला माणूस. आबा जन्मात घोड्यावर बसले नव्हते, पण सोनाराच्या ठशात तोच होता. आई म्हणाली, ‘असू द्या. जिता हुता तवा पायीच फिरला, आता तरी बसू द्या.’ त्यांचा फोटो कधी काढलाच नव्हता. तेव्हापासून तो घोडेस्वार म्हणजेच आबांचं तोंड.

तुला आठवत असेल, आबा दसऱ्याआधी देव उजळायला शिरूरला घेऊन जायचे. निघण्याआधी देव्हाऱ्यापुढं पाटावर एकेका देवासाठी एकेक सुपारी मांडायचे आणि मोठ्यानं म्हणायचे, ‘देवा, चार दिवस हितं बसा.’ देव सुपारीवर आला की टाक नुसती चांदी. म्हणूनच सोनाराला त्यावर हातोडी उचलता येते, नाहीतर त्याची काय छाती. तू तेव्हा विचारलं होतंस, ‘आबा, सुपारी कुणी खाल्ली तर?’ आबांना हसू आवरेना. म्हणाले, ‘मग खंडोबा तुझ्या पोटात. मग तुलाच भंडारा लावतो रोज.’ आणि खरंच तुझ्या पोटावर हळद फासली होती. तू ती आईला दाखवत घरभर पळालास. तोच तू आमच्या देव्हाऱ्यासमोर उभा राहून म्हणालास, ‘ह्या पत्र्यांनी कोण तरलंय?’

तू ख्रिस्ती कसा झालास तेही लिहितो. तू ते उपासनेत लोकांना सांगतोस म्हणे, पण अर्धं सांगतोस. तुझ्या नकुशीला विषमज्वर झाला. ताप उतरेना, पोर कोणाला ओळखेना. तुझ्या शेजारची नर्सबाई रात्रंदिवस तिच्या उशाशी बसली, औषध दिलं, तिच्या देवाचं नाव घेत राहिली. पोर उठली. ते सगळं खरं, त्या बाईचे उपकार मी मानतो. पण त्याच आठवड्यात मी अनवाणी जेजुरीला गेलो, पायऱ्या चढलो, नकुशीसाठी नवस बोललो आणि पुढं फेडला, हे तू कुणाला सांगत नाहीस. एका पोरीच्या तापावर दोन देवांचा हक्क पडला. देव काही भांडले नाहीत. तू म्हणालास, ‘तारणारा एकच. बाकी सगळं खोटं.’ मी कुठं म्हटलं होतं तुझा खोटा? तुझ्या देवानं पोर वाचवली असेल तर त्यालाही नारळ देऊ, असंच मी म्हणालो होतो. तू माझ्याकडं असं पाहिलंस, जणू मी काहीतरी घाण बोललो होतो.

एक गोष्ट मात्र तू बरी केलीस. मुली नकोत म्हणून आपण त्या पोरीचं नाव नकुशी ठेवलं होतं. बाप्तिस्म्याच्या वेळी तू ते काढून करुणा ठेवलंस. माझ्या तोंडी अजून जुनंच येतं, पण ते म्हणताना मला लाज वाटते. एवढं तुझ्या पदरात घालतो. याहून जास्त घालणार नाही.

आता आईचं. मोतीबिंदू काढायला म्हणून ती तुझ्याकडं आली आणि पोरीच्या लळ्यानं राहिली. येताना आबांचा टाक तिनं ट्रंकेत घालून आणला, कारण जिथं ती तिथं तिचा धनी. तू तिला सांगितलंस, भिंतीवर नको, कोनाड्यात नको. ती म्हातारी रोज सकाळी आंघोळ करून ट्रंकेचं झाकण उघडायची, आतल्या आतच आबांना हळद लावायची आणि झाकण लावून घ्यायची. स्वतःच्या लेकाच्या घरात चोरून! तरी तिनं तुझी तक्रार केली नाही. दिवाळीला इकडं आली तेव्हा हसत हसत एक गोष्ट सांगितली, ती तुझ्या चर्चच्या पाळकांना सांग. तुझ्या भिंतीवर ख्रिस्ताचं चित्र आहे, हातापायाला खिळे मारलेलं. ऑपरेशननंतर डोळे उघडले आणि आईला ते पहिल्यांदा नीट दिसलं. दुसऱ्या दिवशी तू कामावर गेल्यावर तिनं स्टूल घेतलं, वर चढली आणि त्याच्या जखमांना हळद लावली. आपल्याकडं कापलं, लागलं की हळदच लावतात. तू संध्याकाळी आलास आणि ओल्या फडक्यानं ती पुसलीस. म्हणालास, ‘आई, त्याला हे लागत न्हाई. त्यो एकटाच देव हाय. त्याच्या शेजारी कुणी बसत न्हाई.’ आई म्हणाली, ‘एकटाच? मंग त्याचं करतंय कोण? जेवाय कोण वाढतं?’ हे सांगताना ती हसली, मीही हसलो. नंतर मळ्यात शेवंती खुडताना मला एकाएकी तुझा इतका राग आला की हातातली फुलं चुरगळली. कारण तुझ्या त्या देवाला साऱ्या दौंडात कोणी आपल्या माणसासारखं वागवलं असेल तर ते आईनं, आणि तू ते पुसून टाकलंस.

ती गेली ती तुझ्याच घरी. तू तिला इकडं आणलंस, तुझ्या लोकांच्या जागेत पुरली नाहीस, याबद्दल गाव तुला चांगलं म्हणतं. मी म्हणत नाही. ते तुझं कर्तव्य होतं. तिरडीमागं तू चाललास, पण खांदा दिल्यावर, आईचं मडकं धाकट्यानं धरायचं असताना, तू पुढं झाला नाहीस. दहाव्याला नदीवर लांब बाभळीखाली उभा राहिलास. तेराव्याला मी सगळ्या भावकीसमोर तुझ्याकडं आबांचा टाक मागितला. आपल्या घराची रीत तुला माहीत आहे. नवरा आधी गेला तर त्याचा एकट्याचा टाक होतो. पुढं बायको गेली की तो वितळवायचा, वर चांदी घालायची आणि दोघांचा मिळून जोडीचा टाक करायचा. तो बसेपर्यंत बाई घरातल्या देवांत येत नाही, उंबऱ्यातच उभी राहते. आपली आई, जी आयुष्यात कुणाच्या घरी आमंत्रण नसताना गेली नाही, ती आपल्याच उंबऱ्यात उभी. आणि तू काय म्हणालास?

तू म्हणालास, ‘दादा, जमिनीतला माझा वाटा घ्या. टाक मी देणार न्हाई. माझ्या हातानं तुमाला पूजंला मूर्ती दिली तर त्या पापात मीच तुमाला ढकाललं व्हईल. तुमी माझे भाऊ हाय. तुमी बुडावं असं मला वाटत न्हाई.’ बाळासोकाका पान लावता लावता म्हणाले, ‘घ्या! रेल्वेत लागला तर आता हाच वरची तिकिटं फाडाय लागला!’ सगळे हसले. तू हसला नाहीस, मीही हसलो नाही. मी तुला एकच विचारलं, ‘मग आई कुठं गेली, ज्ञानू?’ तू खाली बघितलंस. तुझ्या डोळ्यांतनं पाणी येत होतं ते मला दिसत होतं. म्हणालास, ‘तिनं त्याला तारणारा म्हणून कबूल केलं न्हवतं, दादा.’

त्या वाक्याबद्दल मी तुला माफ केलेलं नाही. करणारही नाही. तू ते रडत म्हणालास म्हणून ते हलकं होत नाही. रडत रडत का होईना, आईला बाहेर ठेवायला तू तयार झालास. तुझ्या देवाचं दार एवढं अरुंद असेल तर ते तुला लखलाभ. तिच्याशिवाय मी एकटा तरून काय करू? ती बुडालेली असेल तर मलाही तिथंच जायचंय.

त्यानंतर मी किती निरोप पाठवले. मग वरवंडच्या बाजारात आपण समोरासमोर आलो. मी कोथिंबिरीच्या जुड्या उतरवत होतो, तू पिशवी घेऊन उभा. सगळ्या बाजारादेखत मी तुला म्हणालो, ‘आबा चोरलेस तू.’ तूही तापलास. म्हणालास, ‘पुन्हा मागाल तर वितळवून टाकीन.’ मग तुझा आवाज उतरला आणि तू विहिरीचं काढलंस. आपल्या मळ्यातली विहीर. तू लहान असताना तीत पडलास आणि बन्सीनं उडी टाकून तुला वर काढलं. त्यांच्या वस्तीला तेव्हा महारवाडा म्हणत, आता ते बौद्ध झालेत. आणि दुसऱ्या दिवशी आबांनी विहीर उपसून घेतली, गोमूत्र शिंपडलं. तू म्हणालास, ‘ज्यानं मला काढलं त्याच्या हातानं पाणी बाटलं. हे कुणाचं देव सांगत हुते, दादा? ह्या पत्र्यातलेच ना? आमच्या मंडळीत बन्सीचा पुतण्या माझ्या शेजारी बसतो. एका ताटात जेवतो आमी.’

मी जुड्या तशाच टाकून उठलो. आजही मी आबांची बाजू घेत नाही. ते वाईट होतं, आणि देवांच्या नावावर झालं. पण ज्ञानू, त्यानंतर किती रात्री मी त्या विहिरीचाच विचार केला. उडी टाकायच्या आधी बन्सीनं तुला विचारलं होतं का, की तू मला मानतोस का? माझ्याशिवाय दुसऱ्या कुणाला हाक मारली असशील तर काढणार नाही, असं म्हणाला होता का तो? तू तर पाण्यात ‘आई, आई’ ओरडत होतास. त्यानं बाकी काही बघितलं नाही. तारणं म्हणतात ते ह्याला. तुझा तारणारा काठावर उभा राहून माझ्या आईकडं आधी कबुली मागतो. तो एकटाच आहे म्हणतोस, असेल. पण बन्सीपेक्षा लहान आहे. हे लिहिताना मला भीती वाटली, कारण कुणाच्याही देवाला वाईट बोलू नये असंच मी वाढलोय. तरी लिहिलं. खोडणार नाही.

तू टाक देणार नाहीस हे त्या दिवशी मला कळलं. भावकी म्हणाली, पोरं घेऊन जाऊ, हिसकावून आणू. मी नको म्हटलं. आबा कसे आले हे आईनं विचारलं तर तिला काय सांगणार? वर्ष असंच गेलं. सणाच्या दिवशी नैवेद्य दाखवताना मी एक घास उंबऱ्यावर ठेवायचो आणि तिकडं बघायचं टाळायचो. मग भागुबाई, तुझी वहिनी, एकदा कणगीमागचं सामान झाडताना एक डबी घेऊन आली. आबा गेले त्या दिवशी आईच्या पायांतली जोडवी काढली होती, ती त्या डबीत. आईनं ती मोडली नाहीत, सुनांना दिली नाहीत. भागुबाई म्हणाली, ‘आवं, आबांच्या चांदीत आत्याबाईंची चांदी घालायची ना? मंग हिच्यात आबांना घाला की.’ मला देव्हाऱ्यापुढं बसून वर्षभर जे सुचलं नाही ते तिला केरसुणी हातात असताना सुचलं.

तर त्या सकाळी मी तुझ्या घरी काय केलं ते ऐक. ट्रंक उघडली. आईचं लुगडं, चष्मा, चुन्याची डबी. तळाशी तिच्या लुगड्याच्या काठात गुंडाळलेले आबा. मी मनाची तयारी करून आलो होतो की चांदी काळी पडली असेल, वर्षभर अंधारात आहे, हळद नाही, पाणी नाही. काठ सोडला. घोडा लखलखत होता. ताजा पुसलेला, रांगोळीनं घासल्यासारखा. धुरपदा त्याला हात लावत नाही, ते ती आधीच बोलली होती. म्हणजे कोण पुसतं ते मला कळलं. तुझे पाळक विचारत असतील, घरात अजून मूर्ती आहे का, आणि तू काय सांगत असशील तेही मला समजलं. मी तुला चोर म्हटलं होतं. चोर असा पुसत बसत नाही. पण म्हणून माझा राग गेला असं समजू नकोस. उलट वाढला. तुला इतकं कळत होतं, तरी तेराव्याला तू ते वाक्य बोललास.

मी खिशातून सुपारी काढली. आबांपुढं ठेवली, भंडारा वाहिला आणि आबा म्हणायचे तसंच म्हणालो, फक्त हळू, धुरपदाला ऐकू जाऊ नये म्हणून. ‘आबा, चला. आई उंबऱ्यात उभी हाय.’ सुपारी उपरण्याच्या टोकाला बांधली. टाक होता तसा काठात गुंडाळला, होता तिथं ठेवला, झाकण लावलं. धुरपदा भाकरी घेऊन आली तेव्हा मी चप्पल घालत होतो. जेवलो नाही.

काल चंपाषष्ठीला आई बसली. शिरूरच्या सोनारानं तिच्या जोडव्यांचा जोडीचा टाक केला, ह्या खेपेस घोडा नाही, दोघं शेजारी उभी. सुपारीवरचे आबा मी त्यात बसवले. धाकट्या मुलाच्या पाटावर तुझी वाट बघितली नाही, माझ्या थोरल्याला बसवलं. भावकी जेवली. बाळासोकाकांनी तुझं नाव काढलं, मी विषय वाढू दिला नाही. आजपासून घरच्या कार्याला तुला बोलावणं येणार नाही, आणि तूही माझ्यासाठी तुझ्या देवाकडं प्रार्थना करू नकोस. मी त्याच्याकडं काही मागितलेलं नाही.

हे पत्र एवढ्यासाठीच लिहिलं की तुला ते माहीत असावं. ट्रंकेत आता देव नाही. नुसती चांदी आहे, घोड्यावरचा कोणीतरी माणूस. तुझे पाळक विचारतील तेव्हा मान वर करून सांग, घरात मूर्ती नाही. ते खोटं होणार नाही. वितळव, वीक, नाहीतर उजेडात बसून पुसत राहा, दार लावून घ्यायची गरज नाही. तुझ्या एकट्या देवालाही त्यात राग यावा असं काही उरलेलं नाही. आबांना मी घरी आणलंय.

तुझाच, तू कुठल्याही काठावर उभा असलास तरी,
म्हाळूदादा